ड जीवनसत्त्व : औषधयोजना व सुरक्षितता

अन्नातील कॅल्शियम व फॉस्फरस या खनिजांचे आतड्यातून शोषण घडवून आणणाऱ्या आणि त्यायोगे हाडांना काठिण्य देणाऱ्या वसाविद्राव्य (चरबीत विरघळणाऱ्या) संयुगांच्या गटास ‘ड जीवनसत्त्व’ म्हणतात. औषधात त्याची दोन रूपे वापरली जातात : यीस्ट, अळिंबे यांसारख्या कवकांतील द्रव्यापासून बनणारे ड₂ (अर्गोकॅल्सिफेरॉल) आणि प्राण्यांच्या शरीरात तयार होणारे ड₃ (कोलेकॅल्सिफेरॉल). इतर जीवनसत्त्वे बहुतांशी अन्नातूनच मिळवावी लागतात. हे मात्र सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने त्वचेत तयार होते आणि पुढे शरीरात त्याचे हॉर्मोनात रूपांतर होते. त्याच्या अभावी मुलांना मुडदूस व प्रौढांना अस्थिमार्दव (हाडे मऊ पडणे) हे विकार जडतात. उलट, औषध म्हणून ते प्रमाणाबाहेर घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून वृक्कांना (मूत्रपिंडांना) इजा होते. अभाव व अतिरेक या दोन टोकांमधील सुरक्षित मात्रा कोणती, हे ठरविण्याचा प्रयत्न म्हणजेच या जीवनसत्त्वाच्या औषधयोजनेचा इतिहास होय.

ऊन आणि त्वचा : त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या द्रव्यावर सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण पडले म्हणजे ड₃ जीवनसत्त्वाचा पूर्वगामी पदार्थ तयार होतो. हे किरण वातावरणात शोषले जातात व सूर्य क्षितिजालगत असताना जमिनीपर्यंत फारसे पोहोचत नाहीत. खिडकीच्या साध्या काचेतूनही ते आरपार जात नाहीत. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेव्हाच त्वचेत हे जीवनसत्त्व पुरेसे बनते, असा एक सोपा नियम यावरून सांगितला जातो.

हा नियम रायगड जिल्ह्यातील (१९८१ पूर्वीचा कुलाबा जिल्हा) पेण व रोहा या तालुक्यांना लावून पाहणे उद्बोधक ठरते. भोगावती नदीकाठचे पेण आणि कुंडलिका नदीकाठचे रोहा ही दोन्ही गावे सुमारे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहेत. डिसेंबरच्या अखेरीस, वर्षातील सर्वांत लहान दिवशीही, तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो. म्हणजे मध्यान्हीची सावली बाराही महिने माणसाच्या उंचीहून आखूडच राहते. मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस सूर्य नेमका डोक्यावर येतो. पैकी दुसऱ्या वेळी मात्र पावसाळी ढगांचे आच्छादन असते. इंग्लंडसारख्या देशांत हिवाळ्याचे कित्येक महिने ज्या किरणांचा अभाव असतो, ते येथे निरभ्र दिवशी सदैव उपलब्ध असतात. मिठागरात, भातखाचरात किंवा खाडीवर राबणाऱ्या माणसाला ते अनायासे मिळतात. गणेशमूर्तींच्या कारखान्यात छपराखाली बसणारे कारागीर, धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार, कचेऱ्यांतील कर्मचारी, शाळकरी मुले आणि घराबाहेर क्वचितच पडणारे वृद्ध यांच्या वाट्याला ते त्या मानाने थोडे येतात.

तान्ह्या मुलाला सकाळच्या कोवळ्या उन्हात धरण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र रूढ आहे. त्या उन्हाने ऊब मिळते. परंतु सूर्य खाली असल्यामुळे त्यात जंबुपार किरणांचा आवश्यक भाग अल्प असतो. मातेच्या दुधातही हे जीवनसत्त्व थोडेच असते. त्यामुळे पहिल्या वर्षी अर्भकांना दररोज ४०० एकके औषधरूपाने द्यावीत, अशी बालरोगतज्ज्ञांची शिफारस आहे. आहारात तारली, बांगडा यांसारखे तेलकट मासे हा त्यातल्या त्यात चांगला स्रोत होय. अंड्याचा बलक व लोणी यांत ते थोड्या प्रमाणात असते. भाकरी, भात, डाळी व भाज्या यांत जवळजवळ नसतेच.

रोगाचा शोध : मुडदूस या रोगाचे पद्धतशीर वर्णन सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये झाले. फ्रान्सिस ग्लिसन यांचा त्यावरील ग्रंथ १६५० मध्ये प्रसिद्ध झाला. औद्योगिक क्रांतीनंतर धुराने काळवंडलेल्या युरोपीय शहरांत हा रोग फैलावला. कॉड माशाच्या यकृताचे तेल हा त्यावरील घरगुती उपाय उत्तर युरोपच्या किनाऱ्यावर परिचित होता. पण तो लागू का पडतो, हे कोणास उमगले नव्हते. जपानमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून काम केलेल्या थिओबाल्ड पाम यांनी निरनिराळ्या देशांतील मिशनऱ्यांकडून माहिती मागवून १८९० मध्ये असा निष्कर्ष काढला, की जेथे ऊन मुबलक तेथे दारिद्र्य व निकृष्ट आहार असूनही मुडदूस क्वचितच आढळतो. त्यांच्या या प्रतिपादनाकडे त्या काळी फारसे लक्ष दिले गेले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर थोड्याच वर्षांत हे कोडे दोन बाजूंनी सुटले. १९१९ मध्ये एडवर्ड मेलनबी यांनी घरात कोंडलेल्या कुत्र्याच्या पिलांना विशिष्ट आहारावर ठेवून मुडदूस उत्पन्न केला व कॉड यकृत-तेलाने तो बरा केला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे किरण सोडून त्यांची हाडे सुधारतात, हे क्ष-किरण चित्रांनी सिद्ध केले. एका हातावर किरण सोडले असता दुसऱ्या हाताचीही हाडे सुधारतात, हेही त्यांनी दाखविले. म्हणजे त्वचेत तयार झालेले काही द्रव्य रक्तावाटे सर्वत्र पोहोचते, हे उघड झाले. एल्मर मॅकॉलम यांनी १९२२ मध्ये कॉड यकृत-तेलातील अ जीवनसत्त्व नष्ट केले, तरी ते तेल मुडदुसावर गुणकारी ठरते, असे दाखवून दिले. या नव्या घटकास वर्णक्रमानुसार ‘ड’ हे नाव मिळाले.

नाशिकमधील पाहणी : याच सुमारास या प्रश्नावर महाराष्ट्रातून महत्त्वाचा प्रकाश पडला. नाशिक येथे एच. एस. हचिसन यांनी पी. टी. पटेल व एस. जे. शहा या सहकाऱ्यांसह केलेल्या पाहणीचे निष्कर्ष १९२१ व १९२२ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्यांना असे आढळले, की मुडदूस व अस्थिमार्दव हे रोग गरिबांपेक्षा सुस्थितीतील, परंतु गोषा पाळणाऱ्या मुसलमान व उच्चवर्णीय हिंदू कुटुंबांत अधिक होते. त्या घरांतील आहार पुष्कळदा चांगला असे. पण मुली व स्त्रिया वाड्याच्या अंधाऱ्या भागात दिवस काढीत आणि तान्ही मुलेही घरातच असत. याउलट शेतात व रस्त्यावर काम करणाऱ्या गरीब मजूर स्त्रियांचा आहार निकृष्ट असूनही त्या व त्यांच्या पाठीशी वावरणारी मुले या रोगांपासून बव्हंशी मुक्त होती. अस्थिमार्दवामुळे स्त्रीच्या कटीराची (ओटीपोटाच्या हाडांच्या पोकळीची) हाडे वाकून प्रसूती अवघड होई. मुलीला उन्हापासून दूर ठेवण्याच्या रूढीची किंमत तिला बाळंतपणात, कित्येकदा प्राणांनी, द्यावी लागे. १९३० च्या सुमारास डॅगमार विल्सन यांनी पंजाबातील काँग्रा खोऱ्यात केलेल्या अभ्यासातूनही या रोगांचा गंभीर प्रादुर्भाव नजरेस आला. उष्ण कटिबंधातील देशात या जीवनसत्त्वाचा तुटवडा संभवत नाही, हा समज नाशिकच्या पाहणीने शंभर वर्षांपूर्वीच खोटा ठरविला होता.

औषधनिर्मिती व मापन : अन्नपदार्थांवर जंबुपार किरण सोडल्यास त्यांत मुडदूसविरोधी गुण येतो, हे हॅरी स्टीनबॉक यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत दाखवून दिले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ व्हिंडाउस यांना स्टेरॉल व त्यांचा जीवनसत्त्वांशी असलेला संबंध यांवरील संशोधनाबद्दल १९२८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ड₂ हे स्फटिकरूपात १९३१ च्या सुमारास वेगळे करण्यात आले आणि ड₃ ची ओळख त्यानंतर काही वर्षांतच पटली. आज बाजारात मिळणारे ड₃ मुख्यत्वे मेंढीच्या लोकरीतील स्निग्ध द्रव्यापासून बनवितात.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेकडून होणारी कॉड यकृत-तेलाची आयात खंडित झाल्यावर भारतात मुंबई व मद्रास प्रांतांत शार्क (मुशी) माशाच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग वाढला. या तेलात अ जीवनसत्त्व विपुल, पण ड जीवनसत्त्व तुलनेने कमी असते. म्हणून एका तेलाऐवजी दुसरे देताना केवळ चमच्याचे माप पुरत नाही, हे स्पष्ट झाले.

औषध शुद्ध रूपात मिळू लागल्यावर त्याच्या मापनाची गरज भासली. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने १९३१ मध्ये आंतरराष्ट्रीय एकक (आं. ए.) निश्चित झाले. एक एकक म्हणजे ०·०२५ मायक्रोग्रॅम. म्हणजेच ४० एकके मिळून एक मायक्रोग्रॅम होतो. हे परिमाण अतिशय सूक्ष्म असल्यामुळे मात्रेचे आकडे हजारांत व लाखांत जातात आणि सामान्य माणसाला त्यांतील फरक जाणवत नाही. पुढील काळातील अनेक चुकांचे मूळ यातच आहे.

अतिरेकाचे अनुभव : मोठ्या मात्रेने प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांत व वृक्कांत कॅल्शियमाचे थर साचतात, हे १९२८ मध्येच जर्मनीत निदर्शनास आले होते. तरीही १९३० ते १९५० च्या दरम्यान अमेरिकेत संधिवातासाठी दररोज एक लाख एककांहून अधिक मात्रा देण्याची प्रथा पडली. तिच्यामुळे अनेक रुग्णांना वृक्कविकार जडले आणि ती सोडून द्यावी लागली. याच काळात जर्मनीत मुडदुसासाठी सहा लाख एककांची मात्रा एकदम देण्याची ‘स्टॉस’ (धक्का) पद्धत सुरू झाली.

सर्वांत बोधप्रद अनुभव ब्रिटनचा आहे. महायुद्धकाळापासून तेथे बालकांचे दुधाचे भुकटे, तृणधान्यांचे पदार्थ व कॉड यकृत-तेल या तिन्हींत हे जीवनसत्त्व मिळत असे. प्रत्येकातील मात्रा वेगळी पाहिली असता माफक होती. पण काळजीवाहू मातेने तिन्ही दिल्यास बालकाच्या पोटात दररोज सुमारे चार हजार एकके जात. १९५३ ते १९५५ या काळात रक्तातील कॅल्शियम वाढलेल्या सुमारे दोनशे अर्भकांची नोंद झाली आणि १९५७ मध्ये या पदार्थांतील प्रमाण घटविण्यात आले. सर्वच बालकांना बाधा का झाली नाही, याचा एक उलगडा २०११ मध्ये झाला. या जीवनसत्त्वाचे विघटन करणाऱ्या एंझाइमात काहींच्या बाबतीत जन्मजात दोष असतो व अशांना नेहमीची मात्राही बाधू शकते.

शरीरातील क्रिया : अतिरेक औषधानेच का होतो व उन्हाने का होत नाही, याचे उत्तर शरीरक्रियेत आहे. त्वचेवर अधिक वेळ ऊन पडले तर पूर्वगामी द्रव्याचे निष्क्रिय संयुगांत रूपांतर होते. त्यामुळे कितीही वेळ उन्हात राबले तरी या जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. तोंडाने घेतलेल्या औषधाला अशी आपोआप पडणारी मर्यादा नाही. आतड्यातून शोषलेले द्रव्य यकृतात जाऊन त्याचे २५-हायड्रॉक्सी रूप बनते (याचा शोध १९६८ मध्ये एच. एफ. डेलुका यांच्या प्रयोगशाळेत लागला). नंतर वृक्कात त्याचे सक्रिय हॉर्मोन तयार होते. त्याची रचना १९७१ मध्ये निश्चित झाली. रक्ततपासणीत मोजतात ते यकृतातील रूप होय. रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. शिवाय मूळ जीवनसत्त्व चरबीत साठून राहते. म्हणून औषध थांबविल्यावरही विषबाधेचा परिणाम आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही टिकतो.

सद्यःस्थिती व मात्रेचा हिशेब : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तज्ज्ञांनी पंचवीस ते पस्तीस वर्षे वयाच्या ११३७ निरोगी व्यक्तींची तपासणी करून २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के व्यक्तींच्या रक्तात हे जीवनसत्त्व दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी आढळले. त्यानंतरच्या काळात रक्ततपासणी सुलभ झाली व या औषधाचा वापर खेडोपाडी पोहोचला. २०१८ मध्ये भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने दूध व खाद्यतेल यांत अ व ड जीवनसत्त्वे मिसळण्याची मानकेही ठरवून दिली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीची दैनिक गरज ६०० एकके (१५ मायक्रोग्रॅम) असून नित्य घेण्याची वरची सुरक्षित मर्यादा ४००० एकके आहे. सिद्ध झालेल्या अभावासाठी भारतात साठ हजार एककांची एक पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, याप्रमाणे सुमारे आठ आठवडे देण्याचा प्रघात आहे. पुढे मात्रा घटवितात. साठ हजार एकके म्हणजे ६०० एककांप्रमाणे शंभर दिवसांची गरज होय. आठवड्याची ही कॅप्सूल नजरचुकीने रोज घेतली गेली, तर एका महिन्यात तीन हजार दिवसांची, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळाची मात्रा पोटात जाते. सहा लाख एककांचे एक इंजेक्शन हजार दिवसांच्या गरजेइतके असते. अशी इंजेक्शने गुडघेदुखी वा थकव्यासाठी वेगवेगळ्या ठिकाणी लागोपाठ घेतल्याने विषबाधा झालेल्या रुग्णांच्या नोंदी भारतीय वैद्यकीय वाङ्‍मयात आहेत. औषधाची अर्भकांसाठीची द्रवरूपे वेगवेगळ्या तीव्रतेची असतात. एका मिलिलिटरमध्ये ४०० एकके असलेली बाटली संपल्यावर ८०० एककांची आणली आणि थेंबनळीचे माप तेच ठेवले, तर मात्रा दुप्पट होते.

दक्षता : औषधचिठ्ठीवर ‘रोज’, ‘आठवड्यातून एकदा’ की ‘महिन्यातून एकदा’ हे स्पष्ट लिहिलेले असणे, आठवड्याच्या मात्रेसाठी एक वार ठरविणे व कॅलेंडरवर खूण करणे या साध्या उपायांनी बहुतेक चुका टळतात. चुकलेली मात्रा भरून काढण्यासाठी दोन मात्रा एकदम घेऊ नयेत. कॅल्शियमच्या गोळ्या, शक्तिवर्धके, दुधात घालावयाच्या भुकट्या यांतही हे जीवनसत्त्व असते. तेव्हा ब्रिटनमधील अनुभव ध्यानात घेऊन सर्वांची बेरीज करणे आवश्यक असते. दुसऱ्या वैद्याकडे जाताना घरातील सर्व औषधे दाखविणे इष्ट ठरते. हे द्रव्य वसाविद्राव्य असल्याने तूप, तेल वा दूध असलेल्या जेवणाबरोबर ते अधिक चांगले शोषले जाते.

मुतखडा, वृक्कविकार, क्षय व सारकॉइडोसिस असलेल्या रुग्णांना हे औषध वैद्याच्या देखरेखीखालीच द्यावे लागते. क्षय व सारकॉइडोसिस यांत रोगग्रस्त ऊतकांतही सक्रिय हॉर्मोन तयार होऊन कॅल्शियम वाढू शकते. रक्तदाबासाठी दिली जाणारी थायाझाइड वर्गातील मूत्रल औषधे कॅल्शियम वाढीस लावतात, तर हृदयविकारावरील डिगॉक्सिन अशा स्थितीत अधिक धोकादायक ठरते. याउलट फेनिटोइन, फेनोबार्बिटल व रिफॅम्पिसिन यांच्या सेवनाने ड जीवनसत्त्वाचे विघटन त्वरेने होते व मात्रा वाढवावी लागण्याचा संभव असतो.

अतिरेकाची लक्षणे म्हणजे भूक मंदावणे, मळमळ, वांत्या, बद्धकोष्ठ, तहान व लघवी वाढणे, अशक्तता आणि वाढलेल्या अवस्थेत गोंधळलेली मनःस्थिती. ही लक्षणे पित्त, मधुमेह किंवा वार्धक्य यांची समजून दुर्लक्षिली जाण्याचा धोका असतो. औषध चालू असता ती दिसल्यास ड जीवनसत्त्व व कॅल्शियम तत्काळ थांबवून रक्तातील कॅल्शियम तपासतात. उपचारात शिरेवाटे द्रव देणे हे प्रमुख असून जरुरीप्रमाणे कॉर्टिकोस्टेरॉइडे व हाडांतून कॅल्शियम सुटण्यास अटकाव करणारी औषधे वापरतात.

अलीकडील प्रयोग : ऑस्ट्रेलियात सत्तर वर्षे व त्यापुढील वयाच्या २२५६ स्त्रियांवर झालेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षातून एकदा पाच लाख एकके दिली असता पडण्याचे व हाड मोडण्याचे प्रमाण घटण्याऐवजी वाढलेले दिसले. अमेरिकेत सुमारे सव्वीस हजार प्रौढांना दररोज २००० एकके वा निष्क्रिय गोळी देऊन केलेल्या मोठ्या प्रयोगात कर्करोग, हृदयविकार (२०१८) व अस्थिभंग (२०२२) यांच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. ज्यांना अभाव नाही अशा निरोगी माणसांना अधिक मात्रेचा विशेष लाभ होत नाही, असे यावरून दिसते. ज्यांना अभाव आहे त्यांच्या बाबतीत मात्र औषधाचे महत्त्व अबाधित आहे : मुडदूस झालेले मूल व अस्थिमार्दवाने चालणे कठीण झालेली स्त्री योग्य मात्रेने काही महिन्यांत सुधारतात. पेण-रोह्यासारख्या भागात जेथे ऊन बारमाही आहे, तेथे दुपारच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून, त्वचा भाजणार नाही इतका थोडा वेळ उन्हात वावरणे हा बिनखर्चाचा प्रतिबंधक उपाय होय. ज्यांना तो पुरत नाही त्यांच्यासाठी औषध आहे. आणि त्याची मात्रा, मुदत व तपासणी ही तिन्ही वैद्याने ठरवून द्यावयाची असतात.